थव्यातलं दुसरं बदक

१४ डिसेंबरच्या सकाळी मी नोंदवहीत शाईने एक ओळ लिहिली: "स्कॉप, मादी, १. थव्याच्या डाव्या टोकाला. खात्रीशीर." यातला शेवटचा शब्द तीन दिवसांत खोडावा लागला, आणि त्याच्यासोबत पहिलाही. पण त्या जलाशयावर त्या हिवाळ्यात स्कॉप, म्हणजे शेंडी बदकासारखं दिसणारं एक बदक, खरोखरच आलं होतं. आम्ही ज्याच्याकडे बघत होतो ते मात्र स्कॉप नव्हतं. खरं स्कॉप कोणतं हे पक्कं व्हायला आठ आठवडे गेले. बुडी मारणाऱ्या बदकांच्या मिश्र थव्यासमोर उभ्या राहणाऱ्या कुणाचीही हीच चूक होऊ शकते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

आम्ही दोघी होतो. मी जलाशयांवर वीसेक हिवाळे पक्षी बघत आले आहे. सोबत माझी भाची, पक्षीनिरीक्षणाचं तिसरंच वर्ष, पण नजर तीक्ष्ण आणि हातात टेलिलेन्सचा कॅमेरा. माझ्याकडे दुर्बीण आणि ट्रायपॉडवर स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण.

पहिली सकाळ

धरणाच्या भिंतीवरून पश्चिमेला बघितलं की सकाळचा सूर्य पाठीशी येतो. पाणी शांत होतं. साधारण साडेतीनशे मीटरवर शेंडी बदकांचा मोठा थवा होता. मी डावीकडून उजवीकडे आणि मग उलट, असं दोनदा मोजलं: एकदा १६८ आले, एकदा १८३. बुडी मारणाऱ्या बदकांच्या बाबतीत ही तफावत नेहमीचीच. एक बुडी पंधरा-वीस सेकंदांची असते आणि कुठल्याही क्षणी थव्यातली बरीच बदकं पाण्याखाली असतात. कडेला चाळीसेक छोट्या लालसरी, बाहेरच्या बाजूला वारकऱ्यांची गर्दी, मधूनमधून टिबुकल्या.

भाचीनेच आधी बघितलं. "मावशी, डाव्या टोकाला बघ. चोचीभोवती केवढं पांढरं आहे!"

स्कोपमध्ये ते बदक आलं आणि माझ्याही छातीत धडधडलं. गडद तपकिरी अंग, पिवळा डोळा आणि चोचीच्या मुळाशी लख्ख पांढरा पट्टा. डोकं गोल, शेंडी दिसत नव्हती. कुठलंही क्षेत्र-मार्गदर्शक उघडलं तरी स्कॉपच्या मादीच्या चित्राखाली पहिली खूण हीच दिलेली असते. पुढच्या वीस मिनिटांत भाचीने ६२ फोटो काढले, मी ती ओळ लिहिली आणि 'खात्रीशीर' हा शब्दही जोडला. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की त्या वीस मिनिटांत आम्ही थव्यातल्या दुसऱ्या एकाही बदकाकडे नीट बघितलं नव्हतं.

स्कॉप म्हणजे आयथिया मारिला, शेंडी बदकाचं जवळचं भावंड. शेंडी बदक म्हणजे आयथिया फुलिगुला. लिनियसने शेंडी बदकाचं वर्णन १७५८ साली केलं आणि स्कॉपचं १७६१ साली. दोन्हींच्या सवयीत मोठा फरक आहे. शेंडी बदक गोड्या पाण्याचं. तलाव, जलाशय, मंद नद्या ही त्याची जागा. स्कॉपची वीण उत्तरेच्या टुंड्रात होते, आइसलंडपासून सायबेरियापर्यंत आणि पुढे अलास्का-कॅनडात. हिवाळ्यात ते समुद्र पसंत करतं: बाल्टिकचा किनारा, काळा समुद्र, कॅस्पियन, जपानच्या खाड्या. किनाऱ्यापासून दूर एखाद्या जलाशयावर ते येतं ते बहुधा एकटं-दुकटं, आणि आलं की शेंडी बदकांच्याच थव्यात मिसळतं. भरकटून आत येणाऱ्यांत त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं बऱ्याचदा असतात. ही शेवटची गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. पण त्या सकाळी ती आठवली नाही. आठवली असती तर मी पूर्ण वाढलेल्या, ठसठशीत पांढऱ्या चेहऱ्याच्या मादीऐवजी एखाद्या मळकट, ओळख न पटणाऱ्या बदकाला शोधलं असतं.

परीक्षकाचे प्रश्न

संध्याकाळी नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ऑनलाइन व्यवस्थेवर टाकली. २००२ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत त्या जागी, त्या महिन्यात अनपेक्षित असलेली प्रजाती लगेच वेगळी निघते आणि परीक्षकाकडे जाते. दुसऱ्या दिवशी तीन प्रश्न आले. चोचीच्या टोकावर काळं किती होतं? डोक्याच्या मागच्या बाजूची रेषा बदक विश्रांती घेत असताना कशी दिसत होती? पाठीवर राखाडी छटा होती का?

एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चेहऱ्यावरच्या पांढऱ्याबद्दल त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. ते मला आधी खटकलं आणि मग समजलं. शेंडी बदकाच्या कित्येक माद्यांच्या चोचीच्या मुळाशी पांढरं असतं. बहुतेकींमध्ये ते अरुंद, फाटलेल्या कडांचं असतं, पण थोड्यांमध्ये इतकं रुंद असतं की लांबून फरक राहत नाही. या गटातली ही सर्वांत ठळक खूण, आणि तिच्यावरच थांबलं तर सर्वांत धोक्याची. असाच दुसरा चकवा शेपटीखाली असतो: काही शेंडी बदकांच्या शेपटीखालची पिसं पांढरी असतात आणि घाईत त्यांची नोंद नयनसरी या दुसऱ्या बदकाची म्हणून होते.

आम्ही ६२ फोटो पुन्हा बघायला घेतले. चोचीचं टोक कुठेही स्पष्ट नव्हतं. काळपट बदक भरल्या उन्हात असेल तर कॅमेरा त्या काळपटपणाला धरून एकूण चित्र उजळवतो. मग पांढरा भाग जळतो आणि मूळ आहे त्यापेक्षा पसरट दिसतो. ओल्या चोचीवर ऊन चमकतं तेव्हा राखाडी आणि काळ्यामधली सीमाही पुसली जाते. फोटो मोठा करून, कडा धारदार करून बघण्याचा मोह होतो, पण त्यातून जे दिसतं त्यातलं काही सॉफ्टवेअरने घातलेलं असतं. मी भाचीला म्हटलं, यातून निर्णय काढायचा नाही, परत जायचं.

तिने एक बरोबर प्रश्न विचारला. "पण मावशी, डोकं गोल होतं ना? शेंडी नव्हतीच."

होतं गोल. पण बदक सारखं बुडी मारत होतं. बुडीसाठी ते अंगावरची पिसं घट्ट दाबून घेतं, शेंडी मानेला चिकटते, डोक्याचा आकारच बदलतो. पाण्यावर आल्यानंतरही काही क्षण तो तसाच राहतो. सलग बुड्या मारणाऱ्या बदकाच्या डोक्याच्या आकारावरून काही ठरवू नये. ते झोपलेलं, कोरडं, सैलावलेलं असताना जी रेषा दिसते तीच खरी.

ढगाळ दुपार

१७ डिसेंबरला आभाळ भरून आलं होतं. लोक अशा दिवशी घरी थांबतात, पण बदकांच्या चोची बघायला याहून चांगला उजेड नाही. सावली पडत नाही, चमक येत नाही, राखाडी राखाडीच दिसतो. पाण्याची पातळी उतरल्यामुळे दक्षिणेकडे मातीची एक लांब जीभ उघडी पडली होती. तिच्या टोकापर्यंत गेलो तर थवा सव्वाशे मीटरवर येत होता. वारा उत्तरेचा असला की बदकं त्या जिभेच्या आडोशाला येतात, हे मासेमारी करणाऱ्या एका दादांनी सांगितलं. त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं.

आम्ही खाली बसून राहिलो. पन्नास मिनिटं ते पांढऱ्या चेहऱ्याचं बदक चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलं होतं. मग ते जागं झालं, पिसं साफ करायला लागलं आणि चोच आमच्या बाजूला आडवी धरली.

शेंडी बदकाच्या चोचीचं टोक काळं असतं आणि ते काळं टोकावरच्या नखाच्या, म्हणजे तिथल्या छोट्या कठीण तुकड्याच्या, बाहेर दोन्ही कडांना पसरतं, एखादा आडवा पट्टा मारल्यासारखं. त्याच्या आत बऱ्याचदा फिकट पट्टी असते. स्कॉपची चोच जास्त लांब-रुंद, पुढे किंचित पसरत जाणारी, आणि काळं असतं ते फक्त नखावर. आमच्या बदकाच्या चोचीवर सबंध टोक काळं होतं. डोकं मागे टेकवलं तेव्हा टाळूच्या मागे एक छोटा पण नक्की उंचवटा दिसला. पाठ एकसारखी गडद तपकिरी, राखाडी कुठेही नाही. कपाळावरचं पांढरं वरच्या बाजूला अर्धवट तुटलेलं होतं. उन्हात ते सलग वाटलं होतं.

शेंडी बदकाची मादी.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तरी त्याच दुपारी, तिथेच बसून नोंद दुरुस्त केली. चुकीची नोंद जितके दिवस राहते तितकी ती इतरांच्या डोक्यात पक्की होते. कुणीतरी ती वाचून येतं, तेच बदक बघतं, त्याला स्कॉप म्हणतं, आणि एका चुकीला साक्षीदार मिळत जातात.

फ्रेम ४१

त्या रात्री भाची जुने फोटो काढून टाकायला बसली होती. "मावशी, हे बघ जरा," असं म्हणत तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. एक्केचाळिसाव्या फोटोत पांढऱ्या चेहऱ्याच्या मादीच्या मागे, थोडं धूसर, आणखी एक बदक होतं. तपकिरी, चेहऱ्यावर फक्त फिकट डाग. डोकं मोठं आणि गोल. आणि पुढच्या बदकापेक्षा ते मोठं दिसत होतं.

या 'मोठं दिसण्या'ला मी लगेच हात घातला नाही. लांब पल्ल्याच्या भिंगातून समान आकाराचे दोन पक्षी एकामागे एक दिसले तर मागचा मोठा वाटतो. आपला मेंदू अंतराची भरपाई करतो, पण भिंगाने ते अंतर आधीच आकसलेलं असतं. मागचं बदक मोठं वाटलं यातून काहीच सिद्ध होत नाही. ते पुढे असताना मोठं वाटलं तर गोष्ट वेगळी. शिवाय शेंडी बदकाची लांबी साधारण ४० ते ४७ सेंटिमीटर आणि स्कॉपची ४२ ते ५१. म्हणजे मोठं शेंडी बदक आणि लहान स्कॉप यांची मापं एकमेकांत शिरतात.

तरी डोक्याचा आकार नजरेतून जात नव्हता. एक उत्सुकता माझ्या मनात बसली, पण यावेळी ती वहीत नावानिशी उतरवली नाही. फक्त 'दुसरं बदक' लिहिलं.

२१ डिसेंबरला गेलो तेव्हा थवा तीन वेळा उठवला गेला. कुणीतरी पक्ष्यांचे उडतानाचे फोटो मिळावेत म्हणून बोट थेट थव्यात घातली होती. बुडी मारणारी बदकं पाण्यावरून धावत, पंखांनी पाणी झोडत मगच हवेत उठतात; त्यांचे पाय शरीराच्या फार मागे असतात, थापट्या बदकासारखं जागेवरून सरळ वर उठणं त्यांना जमत नाही. प्रत्येक उड्डाणात त्यांची साठवलेली ताकद खर्च होते आणि चरण्याचा वेळ जातो. त्यातून ओळखही पटत नाही, कारण या दोन्ही बदकांच्या पंखांवर जवळजवळ सारखीच पांढरी पट्टी असते. उडताना बघून शेंडी बदक की स्कॉप हे कुणाला सांगता येईल असं मला वाटत नाही. त्या दिवशी थवा पलीकडच्या काठाला गेला आणि आम्ही रिकाम्या हाती परतलो. मला त्या बोटीचा राग आला होता, अजूनही आहे.

२८ डिसेंबर

एका आठवड्याने परत जिभेवर. यावेळी आम्ही थवा वाटून घेतला. मी डावीकडून एकेक बदक, भाची उजवीकडून. कुणीही ओळखीच्या पांढऱ्या चेहऱ्यावर थांबायचं नाही, असं ठरवलं होतं. हे ठरवावं लागलं, कारण डोळा दर वेळी तिकडेच जात होता. थव्यात एक जरी ठळक पक्षी असला तरी तो बाकीच्या दीडशेंना झाकून टाकतो.

पस्तीस मिनिटांनी भाची हळूच म्हणाली, "मिळालं. लालसरींच्या जवळ, एकटं."

बदक जागं होतं आणि शांत होतं, हे आमचं नशीब. कपाळापासून टाळूपर्यंत एक सलग वळण, सर्वांत उंच जागा डोळ्याच्या किंचित पुढे, मागे कुठलाही उंचवटा नाही. शेंडी बदकाचं कपाळ चढतं आणि डोकं मागे चौकोनी होतं, तसं इथे नव्हतं. पाठ रुंद, पाण्यात बसलेली. चोच लांब आणि टोकाकडे पसरट. चोचीच्या मुळाशी फिकट पिवळसर-तपकिरी डाग, कडा अस्पष्ट, कपाळावर तो पोचलेला नव्हता. डोळा मळकट पिवळा.

मग आकाराची परीक्षा झाली. हे बदक एका शेंडी बदकाच्या पुढून, आमच्या बाजूने पोहत गेलं आणि पुढे असूनही मोठं दिसलं. थोड्या वेळाने दुसऱ्याच्या मागून गेलं आणि तेव्हाही मोठंच. लागोपाठ चार शेंडी बदकांशी आम्ही असं ताडून बघितलं.

चोचीचं टोक मात्र तितकं निर्णायक नव्हतं. नख काळं होतं, पण त्याच्या शेजारी थोडा काळोखा भाग असल्यासारखा वाटला. पिल्लांच्या चोचीचा राखाडी रंग मुळातच मळका आणि गडद असतो, त्यामुळे नखाची कड उठून दिसत नाही. शेजारचा काळोख तेवढ्यानेही असेल. पण तो दुसऱ्या एका कारणानेही असू शकतो, आणि आमची खरी अडचण तिथून सुरू झाली.

संकराचा प्रश्न

आयथिया वंशातली बदकं आपसात संकर करतात, आणि त्यांची संततीच दुर्मीळ प्रजातींसारखी दिसते. शेंडी बदक आणि छोटी लालसरी यांचा संकर नर अमेरिकेतल्या 'लहान स्कॉप' या वेगळ्या प्रजातीसारखा दिसू शकतो. यावरून अनेक जलाशयांवर गोंधळ झाले आहेत. लालसरी आणि नयनसरी यांचाही संकर होतो. आणि शेंडी बदक व स्कॉप यांचा संकर तर दोहोंच्या बरोबर मध्ये येऊन बसतो. टाळूमागे छोटासा फुगवटा, चोचीचं काळं नखाबाहेर पंख्यासारखं थोडं पसरलेलं, पाठीचा रंग अधलामधला.

म्हणून 'शेंडी बदक नाही' एवढ्याने 'स्कॉप आहे' असं होत नाही. मधली शक्यता आधी बाजूला काढावी लागते, आणि बहुतेक घाईच्या नोंदी इथेच पडतात. आम्ही एकेक करून काढली. लालसरीचं रक्त असेल तर डोळ्यात बऱ्याचदा नारिंगी छटा येते आणि चोचीचं मूळ गडद, मध्ये फिकट पट्टा असं काही दिसतं. आमच्या बदकाची चोच मुळापासून एकसारखी होती, डोळ्यात नारिंगी नव्हता. अमेरिकेतलं लहान स्कॉप शेंडी बदकापेक्षा मोठं दिसणार नाही, त्याच्या डोक्याला मागे कोपरा असतो आणि उडताना पांढरी पट्टी पंखाच्या आतल्या निम्म्यातच लख्ख असते. तेही गेलं. उरला शेंडी बदक आणि स्कॉप यांचा संकर. तपकिरी पिसाऱ्यात, सव्वाशे मीटरवरून, एका दुपारच्या निरीक्षणावर तो नाकारता येत नव्हता.

वहीत लिहिलं: "आयथिया, ठरलं नाही. स्कॉपची दाट शक्यता, संकर बाजूला काढायचा आहे." ई-बर्डवरही 'आयथिया प्रजाती' एवढीच नोंद टाकली. भाचीला हे फार जड गेलं. "इतकं सगळं जुळतंय, मग का नाही?" मी तिला एवढंच म्हटलं की हे बदक अजून मोठं होतंय. हिवाळ्याभरात त्याची पिसं बदलतील. आपल्याला आज जे दिसत नाही ते ते स्वतःच दाखवेल, फक्त येत राहायचं.

हा माझा अंदाज नव्हता. त्याच वर्षी जन्मलेल्या स्कॉपची पिल्लाची तपकिरी पिसं पहिल्या हिवाळ्यात टप्प्याटप्प्याने गळतात. नर असेल तर डोकं काळवंडतं, कुशी पांढुरक्या होतात, आणि सर्वांत महत्त्वाचं, पाठीवर आणि खांद्याच्या लांब पिसांवर राखाडी रंग येतो: पांढुरक्या जमिनीवर काळ्या, ठळक नागमोडी रेघा. शेंडी बदकाच्या नराची पाठ सरळ काळी असते. संकर नराच्या पाठीवर राखाडी येतो, पण तो दाट आणि गडद. लांबून काळपट राखाडी वाटतो. मादी असती तर काम अवघड झालं असतं, कारण तिच्या पाठीवरची राखाडी भुकटी फार सूक्ष्म असते.

जानेवारी

११ जानेवारीला जलाशयावर पाणपक्ष्यांची मोजणी होती. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिच्यात असंख्य हौशी निरीक्षक आपापले जलाशय मोजतात. आमच्या वाट्याला पश्चिमेचा अर्धा भाग आला होता. मोजणीच्या दिवशी एका बदकापाशी थांबता येत नाही, तसं ते बरोबरही नाही. आकडा सगळ्या पक्ष्यांचा असतो. शेंडी बदकं १९२ भरली. काम संपल्यावर, उन्हाची लहर पाण्यावर नाचायला लागायच्या आत, आम्हाला दुसऱ्या बदकासाठी वीस मिनिटं मिळाली.

डावीकडच्या खांद्यावर तीन पिसं नवी होती. राखाडी. स्कोप साठपट केला, तर रेघा दिसल्या. डोकं डिसेंबरपेक्षा बरंच गडद, कुशीवर एक पांढुरका चट्टा. म्हणजे नर. चेहऱ्यावरचा फिकट डाग जवळजवळ गेला होता.

तीन पिसांवर मी नाव लिहिलं नाही. भाचीनेही या वेळी विचारलं नाही. ती खांद्यावरच्या पिसांचं चित्र वहीत काढत बसली होती, प्रत्येक पिसाची जागा दाखवून. ते चित्र आमच्या सगळ्या फोटोंपेक्षा उपयोगाचं ठरलं, कारण पुढच्या भेटीत कुठली पिसं नवीन आली हे त्यावरून अचूक सांगता आलं. हातात कॅमेरा असला तरी चित्र काढावं असं माझं आग्रहाचं मत आहे. काढायचं म्हटलं की बघावंच लागतं.

मधल्या दोन भेटींत बदक सापडलं नाही. एकदा धुकं होतं, एकदा थवाच दूरच्या फाट्यात होता.

८ फेब्रुवारी

आभाळ पुन्हा ढगाळ, वारा उत्तरेचा, थवा जिभेच्या आडोशाला. थवा आता निम्म्यावर आला होता, म्हणून शोधायला वेळ लागला नाही. बदक एकशेदहा मीटरवर झोपलं होतं. पुढच्या पाठीवर राखाडीची सलग शाल, फिकट, रेघा इतक्या ठळक की चाळीसपटीतही सुट्या दिसाव्यात. शेजारी शेंडी बदकाचा नर होता, त्याची पाठ काळी. दोन पाठी एकाच दृश्यात होत्या. झोपेतल्या, सैल डोक्याची रेषा आम्ही वेगवेगळ्या चार कोनांतून बघितली. उंचवटा नाही, फुगवटा नाही.

साडेदहाच्या सुमाराला त्याने डोकं वर काढलं आणि जांभई दिल्यासारखी चोच उघडून मिटली. मग ते आमच्याकडे तोंड करून पिसं विंचरू लागलं. चोच आता निळसर राखाडी, स्वच्छ झाली होती. काळं फक्त नखावर, एका बारीक पाचरीएवढं. डिसेंबरमधला शेजारचा काळोख पिल्लाच्या चोचीचाच होता. डोक्यावर एकदा हिरवी झाक चमकली, स्कॉपच्या नराला ती शोभते. पण ही झाक उजेडाच्या कोनावर अवलंबून असते, म्हणून मी ती वर्णनात लिहिली, पुराव्यात धरली नाही.

चेहऱ्यावर पांढरं काहीच उरलं नव्हतं. डिसेंबरात जी एकच खूण बघून आम्ही नाव घेतलं होतं, ती या बदकाने पार टाकून दिली होती, आणि आता त्याच्या ओळखीत शंका राहिली नव्हती. पांढऱ्या चेहऱ्याची ती मादी त्याच थव्यात वीस मीटरवर पोहत होती, पहिल्या दिवशीइतकीच लख्ख.

त्या रात्री परीक्षकाच्या तीनही प्रश्नांची उत्तरं एकेका ओळीत लिहून पाठवली. सोबत चार गोष्टी जोडल्या: चोचीच्या टोकाचा फोटो, दोन पाठी एकत्र असलेला फोटो, झोपेतल्या डोक्याचा फोटो आणि ११ जानेवारीचं भाचीचं चित्र. २८ डिसेंबर आणि ११ जानेवारीच्या 'आयथिया प्रजाती' या नोंदीही मागे जाऊन बदलल्या, कारण पक्षी तोच असल्याचं खांद्यावरच्या पिसांनी दाखवलं होतं. नोंद स्वीकारली गेली.

१४ डिसेंबरचं पान मी फाडलेलं नाही. त्या ओळीवर एक आडवी रेघ आहे, तिच्याखाली "शेंडी बदक, मादी" असं लिहिलं आहे. समासात भाचीने पेन्सिलीने एक आकडा घातला आहे: ४१.